सीमा कशाचे फोटो काढते

९ जानेवारी, मंगळवार

सीमाच्या पिशवीत कॅमेरा आहे!

पिशवी मी उघडली नाही. खुंटीवरून पडली, उचलायला गेले तर हाताला काहीतरी कडक लागलं. — बरं, उघडली. इथे कुणाशी खोटं बोलायचं? छोटासा काळा कॅमेरा. पाठीला पांढरी पट्टी चिकटवलेली, त्यावर पेनाने ‘७’.

दहा वर्षं ही बाई माझ्याकडे लादी-भांडी करतेय. आधी वरच्या मजल्यावरची दोन घरं, मग माझ्याकडे अर्धा तास. कॅमेरा हिच्याकडे कुठून आला? वरच्यांचा मुलगा डिसेंबरात अमेरिकेहून येऊन गेला, त्याचा राहिला असेल?

विचारलं नाही. आधी बघू दे, काय करते ती.

११ जानेवारी, गुरुवार

विचारलंच शेवटी. तर लाजली!

परळला म्हणे ‘उजवाट’ नावाची संस्था आहे. गरिबीत राहणाऱ्यांचं जगणं चार लोकांना कळावं म्हणून त्यांनी बारा बायकांना कॅमेरे दिलेत. शनिवारी शिकवणी. पुढच्या महिन्यात दादरला प्रदर्शन. “बाहेरचे फोटोवाले येतात नि आमचे फोटो घेऊन जातात, बाई. हे सर बोलले, तुमचे तुम्हीच काढा.”

“कशाचे काढणार?”

“आजूबाजूचे. रोज बघतो ते.”

रोज काय बघते ती? कॉटन ग्रीनचं तिचं घर, आणि उरलेला दिवसभर आम्ही!

असं आहे तर. उद्या दादरच्या हॉलमध्ये मी टांगलेली असणार. खाली ओणवी होऊन लादी पुसणारी सीमा, वर खुर्चीत पाय घेऊन बसलेली मी. लोक चुकचुकणार. ठाकूरद्वारचं धैर्यवान घराणं, एके काळी दोन इमारतींचे मालक — बघा कसे वागवतात गरिबांना!

१२ जानेवारी, शुक्रवार

सीमा लादी पुसत होती तेवढा वेळ खुर्चीत बसले नाही. उभी राहिले. गुडघे कामातून गेले.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. सीमाला तिळाची वडी दिली (शेजारून आलेली) आणि चांगल्या कपातून चहा. तिने कप फिरवून फिरवून पाहिला. “आज काय विशेष, बाई?” काही नाही म्हटलं. चहा कोराच होता. मी हल्ली तसाच घेते, हलका असतो.

मग म्हणाली, एक फोटो काढू?

मला रागच आला. “काढ. हवे तेवढे काढ. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.”

मी पदर सारखा केला, चष्मा पुसला. आणि तिने कॅमेरा वळवला कुठे — तर फळीवरच्या डब्यांकडे! ओळीने सात स्टीलचे डबे. त्यात काय बघायचंय? फोटो काढायला मी समोर उभी होते की!

२० जानेवारी, शनिवार

एक विचार डोक्यातून जात नाही. कुठे काय ठेवलंय याचे फोटो काढायचे आणि ते कुणाला तरी दाखवायचे. असे प्रकार होतात. पेपरात येतं.

कपाटाला कुलूप लावलं. आत फारसं काही नाही. आईच्या पाटल्या होत्या त्याही आता नाहीत. पण कुलूप दिसलं पाहिजे.

आणखी एक. वरच्यांकडून दर दिवाळीला पगार वाढवून घेते. भांडून घेते, जिन्यात ऐकू येतं. माझ्याकडे मात्र कधी शब्द काढला नाही. का नाही? कुठून तरी वसूल करत असल्याशिवाय कोणी गप्प बसेल का?

२४ जानेवारी, बुधवार

डबे धुवायला काढले होते. सगळे ओट्यावर उपडे घातले आणि पुसत होते, तर पाठीमागे खट्‌ असा आवाज! वळले तर कॅमेरा खाली.

“काय काढलंस?”

“उजेड.”

“काय?”

“खिडकीतनं चांगला पडलेला बाई, उजेड. सर सांगतात, उजेड बघायचा.”

उजेड म्हणे! पढवून पाठवतात यांना.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

ध्रुवचा फोन. “आत्या, मजेत ना?” मी म्हटलं, एकदम. पेन्शन वेळेवर येतं ना, म्हणाला. हो म्हटलं. कॅमेऱ्याचं सगळं सांगितलं, तर त्याने एका वाक्यात निकाल लावला — “काढून टाक तिला, दुसरी मिळेल.”

मुलगा चांगला आहे. दादा गेल्यावर दर महिन्याला न चुकता फोन करतो. मुलुंडहून इथवर यायला कुठे जमतं त्याला? गेल्या दिवाळीत आला होता, पण खाली गाडी चुकीच्या जागी लावलेली म्हणून बूटसुद्धा काढले नाहीत. मिठाई दारातच दिली. ती चांगली आठवडाभर पुरवली मी.

६ फेब्रुवारी, मंगळवार

परळला जाऊन आले. सरळ तक्रारच करायची ठरवून.

जुन्या गिरणीच्या आवारात ऑफिस. सगळीकडे काचेचे टॉवर, आणि त्यांच्या मागे एका शेडमध्ये हे. राजरत्न नावाचा तिशीचा मुलगा, तोच सीमाचा ‘सर’. “बसा मावशी” म्हणाला. मी म्हटलं, मी तुमची मावशी नाही. तर म्हणाला, “बसा मॅडम.” रागावला नाही. असे न रागावणारे लोक मला खपत नाहीत.

“माझ्या घरात सीमाला कॅमेरा आणायला परवानगी कुणी दिली?”

“सीमाताई ज्यांच्याकडे जातात त्या सगळ्यांना विचारूनच काढतात.”

“माझं तोंड कुठे दिसता कामा नये.”

“लेखी परवानगीशिवाय आम्ही कुणाचाच चेहरा लावत नाही.”

“आणि गरिबांचे फोटो भिंतीवर लावून गरिबी जाते का हो?”

“नाही जात. पण समोर असून दिसत नसेल तर कोण काय करणार?”

उत्तर तयारच! मग मी नाव सांगितलं — शकुंतला धैर्यवान. तर तो एकदम थांबला. “तुम्ही सीमाताईंच्या ठाकूरद्वारच्या बाई?” आणि त्याची नजर माझ्या तोंडावरून निघून चपलेवर गेली. चपलेचा अंगठा मी दोऱ्याने शिवलाय, पण लांबून कळत नाही.

चहा मागवला. दुधाचा. बिस्किटं पुढे ठेवली. मी चार खाल्ली, पुढे आलेलं नाकारू नये म्हणून. त्याने न विचारता दुसरा पुडा फोडला. का फोडला?

हिने माझ्याबद्दल तिथे काय काय सांगितलंय कोण जाणे!

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चक्कर आली. ओटा धरून उभी राहिले. सीमाने पाहिलं.

“काल जेवलात?”

“जेवले.”

“काय केलेलं?”

“तुला काय करायचंय!”

तिने आपल्या डब्यातल्या दोन भाकऱ्या काढून ताटलीत ठेवल्या, वर झाकण घातलं आणि गेली.

ही लाच आहे. परळला मी तक्रार केलेली तिला कळलं असणार. भाकऱ्या उद्या परत करायच्या असं ठरवलं होतं.

खाल्ल्या. दोन्ही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दादरचं प्रदर्शन. सीमाला न सांगता गेले. नेसण्यासारखी एकच साडी राहिली आहे, ती नेसले. मनाशी पाठ करून गेले होते, माझा फोटो दिसला की तिथल्या तिथे काय बोलायचं ते.

बाराजणींचे फोटो. नळापाशी हंड्यांची रांग, गोदामाच्या फाटकाला टेकून झोपलेला हमाल, एका पोराच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मी सगळं भराभर मागे टाकत गेले. ‘सीमा घाडी, कॉटन ग्रीन’ — सहा फोटो. पाच तिच्या घरचे. दात नसलेली सासू तोंड भरून हसतेय. दोरीवर सुकत घातलेले बांगडे. नवरा पाठीवर गाठोडं घेऊन, कोणाला तरी हाका मारताना.

सहावा मोठा केलेला.

एका बाईची पाठ. ब्लाउज खांद्यापाशी रफू केलेला, दोरा दुसऱ्याच रंगाचा. मान आत गेलेली, पाठीचे मणके मोजता येतील असे. समोर ओटा. ओट्यावर सात डबे उपडे. खिडकीतला उजेड बरोबर त्यांच्या बुडांवर पडलेला. बाकी ओट्यावर काही म्हणजे काही नाही.

खाली लिहिलं होतं — ‘बाई म्हणतात, जेवले.’

पाठ केलेलं सगळं विसरले.

शेजारी दोन मुली उभ्या होत्या. एक म्हणाली, कुठल्या झोपडपट्टीतली असेल गं? दुसरी म्हणाली, भांडी घासणारी असणार, पाठ बघ ना. एक गृहस्थ हळहळत होते, “या देशात अजून हे...” मी त्यांच्यामध्ये उभी. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहून तरी काय कळलं असतं?

मग त्यातली एक मुलगी मला म्हणाली, “काकू, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय.”

मी बाजूला झाले.

१८ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकते. कुठेतरी एकदा लिहिलेलं असू दे.

मला पेन्शन नाही. कधीच नव्हतं. फोर्टातली आमची कंपनी बंद पडली तेव्हा जे हातात आलं ते आईच्या आजारपणात गेलं. राहिलेलं ज्या बँकेत ठेवलं ती बँकच बुडाली. दादाला मी सांगितलं होतं, पेन्शन चालू आहे. नाहीतर वहिनीच्या हाताखाली जाऊन राहावं लागलं असतं. तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगत आलेय. पाटल्या गेल्या. आईची पितळेची भांडी गेली. मासे सोडले, मग दूध, मग संध्याकाळचं जेवण. प्रत्येकाला मी एक कारण दिलं. डॉक्टर, वय, पचन. इथे या वहीतसुद्धा.

सीमाला मी ठेवलंय ते इमारतीतल्या लोकांसाठी. घरी बाई येते म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

सीमा आली. दार लावायलाही दिलं नाही तिला.

“मी गरीब? धैर्यवानांच्या घरातली मी! तुझ्या झोपडीचे फोटो कमी पडले?”

“झोपडी नाय बाई, चाळ हाय.”

“तेच ते!”

“तुम्हाला विचारूनच काढला. तोंड नाय घेतलं तुमचं.”

“तोंड नाही म्हणजे मी नाही? माझी पाठ म्हणजे काय रस्त्यावर पडलीय?”

तिने पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, “सर बोलले, जे बघून घरी गेल्यावरपण डोक्यातनं जात नाय, ते आणा. आमच्याकडचं मी काय आणू? आमच्याकडे एखाद दिवस नसलं ना, तर सासू वाटी घेऊन शेजारी जाते. बोंबलत जाते, सगळ्या मजल्याला कळतं. कोणीतरी देतं. तुमच्याकडे कोणाला कळणार? तुम्ही दारच उघडत नाय. मला एकटीला माहीत, नि मी सांगायचं कोणाला?”

“सांगायला तुला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाय.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

तिने बादली भरली, सगळी लादी पुसली, फडका पिळून वाळत घातला. मग गेली.

२१ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस लादी पुसलेली नाही. कोण बघायला येतंय?

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

फोनवर ‘धैर्यवान परिवार’ ग्रुपमध्ये ध्रुवने एक फोटो पाठवलाय.

तोच. माझी पाठ, माझे सात डबे. कुणीतरी प्रदर्शनात काढलेला, तिथून फिरत फिरत त्याच्याकडे. खाली त्याने लिहिलंय: “आपल्याच मुंबईत लोक असे राहतात. आपण किती नशीबवान! प्रत्येकाने बघावा असा फोटो.” आणि हात जोडलेले.

ओळखलं असेल का त्याने? ओळखून पाठवला असेल? मी काय म्हणते ते बघायला? तीनदा वाचलं. ‘आत्या’ असं कुठेही नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

नाही ओळखलं. कोणीच नाही.

दिवसभर येतंय. “फार वाईट वाटलं.” “मुलांना दाखवला, अन्न टाकू नका म्हटलं.” दुपारी अनुजावहिनीने लिहिलं, “ओट्याचा कडप्पा बघा, अगदी आपल्या ठाकूरद्वारच्या घरासारखा!” आता कळणार! वहिनी लग्न होऊन आली ती याच ओट्यावर स्वयंपाक करायला.

त्यावर ध्रुवच्या बायकोने, मधुराने, लिहिलं, “आई, जुन्या मुंबईत सगळीकडे तसेच असतात.”

झालं. संपलं.

मला बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

कॉटन ग्रीनला गेले. कशासाठी ते बसमध्ये बसेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. जाब विचारायचा, असं स्वतःला सांगितलं होतं.

गोदामांच्या मागे चाळ, दुसरा मजला. सीमा कामावर. सासू एकटी होती, फोटोतलीच ती, अंबिका. माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमीच काय त्या? डब्यांच्या बाई?”

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“येवा. बसा. मासे खातास मां?”

मी म्हटलं, सोडलेत. “कोनी सांगल्यान?” डॉक्टरांनी, म्हणणार होते. तोंडातून आलं, “परवडत नाहीत.” सत्तर वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने! आणि ती बाई ढिम्म. “मगे आज खावा,” म्हणाली आणि ताट वाढलं. बांगड्याचं झणझणीत तिखलं, भात. मी जेवले. परत भात घेतला. ती समोर बसून सुनेच्या कागाळ्या सांगत होती. कवळी लावू न देताच फोटो काढला म्हणून सीमावर अजून राग आहे तिचा.

इतक्यात सीमा आली. दारातच उभी राहिली.

“फोटो काढू नकोस,” मी म्हटलं.

“कॅमेरा परत दिला, बाई.”

मग बसली. म्हणाली, तुम्ही काढून टाकलंत त्याच दिवशी सरांना फोन केला, तो फोटो उतरवा. त्यांनी उतरवला. “पण लोकांच्या फोनमध्ये गेला, त्याला काय करू? तुम्हाला नीट विचारायला पायजे होतं. त्या दिवशी तुम्ही रागात ‘काढ’ बोललात, ते मला कळलेलं. तरी काढला. चुकलं माझं.”

माफीची मी तयारी करून गेले नव्हते.

निघताना म्हटलं, उद्या येशील का? ती म्हणाली, “लादी पुसायला नाय येणार. तुमची लादी ती केवढी! तुम्हीच पुसा, हात हलतील. वरच्यांचं आटपलं की जेवायला येईन. डबा असतो माझा. दोघी खाऊ.”

यात हिचा फायदा काय? बसमध्ये सगळा वेळ शोधत होते. अजून सापडलेला नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सीमाबरोबर जेवले. वालाची उसळ. मीठ जास्त होतं, तसं सांगितलं. म्हणाली, उद्या तुम्ही करा.

दुपारी फोन बघितला. ग्रुपवर ठरलंय: फोटोतल्या त्या बाईसारख्यांसाठी ‘उजवाट’ला सगळ्यांनी मिळून देणगी द्यायची, मनमोहनच्या स्मरणार्थ. दादाच्या नावाने! खाली नावांची यादी. आणि शेवटी ध्रुव: “आत्या, तुझंही नाव घालू ना? जमेल तेवढं दे, तुझ्या भावासाठी.”

उत्तर दिलेलं नाही.

२ मार्च, शनिवार

लिहिलं. “ध्रुव, फोटोतला ओटा आपल्या ठाकूरद्वारच्या घरातला आहे. वहिनीने बरोबर ओळखलं. पाठ माझी आहे. — आत्या.” पाठवलं.

सगळ्यांनी वाचलंय. ध्रुव काहीतरी लिहितोय, असं वर दिसतं. थांबतं. परत दिसतं.